चौथ्या धावेचा प्लग

१

कदिरवन मेला रविवारी दुपारी सव्वातीनला, आणि दिवेलागणीच्या आत त्याला कुणी मारलं हे कोइमतूरच्या झाडून साऱ्या गॅरेजवाल्यांना ठाऊक झालं होतं. नाचिमुत्तूनं मारलं. ज्या म्हाताऱ्या मिस्त्रीनं पोराला गाडीवर बसायला शिकवलं, त्यानंच.

पल्लडमच्या पलीकडं लढाईच्या काळातली एक धावपट्टी ओस पडली आहे. वर्षातून दोनदा तिथं मोटरसायकली पळतात. दोन गाड्या, एक किलोमीटर सरळ पट्टी, पुढं जाईल तो जिंकला. असल्या चार धावा. चौथीत कदिरवन बेंगळुरूच्या पोराच्या हातभर पुढं होता, आणि तेवढ्यात इंजिननं दगा दिला. पिस्टन सिलिंडरला चिकटला, मागचं चाक जागच्या जागी थांबलं, आणि दीडशेच्या वेगात गाडीनं त्याला चिंधीसारखं भिरकावलं. डोक्यावरचं हेल्मेट शाबूत राहिलं. मान राहिली नाही.

गाडी उचलून शर्यत संघटनेच्या पत्र्याच्या शेडमध्ये नेली, कुलूप घातलं. पाच वाजता संघटनेचा तपासनीस वरदराजन यानं पंच आणि फौजदार यांच्यासमोर कार्ब्युरेटर उघडला. सकाळी त्यानंच त्याला तार बांधून शिशाचं सील ठोकलं होतं. नियमच आहे तो. सील ठोकलं की दिवस मावळेपर्यंत कुणी हात लावायचा नाही. सील जसंच्या तसं होतं. आतून निघाला एकशे नव्वद नंबरचा जेट.

जेट म्हणजे नखाएवढा पितळी तुकडा, मधोमध भोक. त्या भोकातून जाईल तेवढंच पेट्रोल इंजिनला मिळतं. नंबर लहान तर भोक लहान. शर्यतीच्या कागदावर नाचिमुत्तूच्या अक्षरात दोनशे दहा लिहिलेलं, आणि आत एकशे नव्वद. पेट्रोल कमी पडलं, इंजिन भाजलं, जाम झालं, पोरगं गेलं. शाळेतला हिशेब.

फौजदारानं जेट नाचिमुत्तूच्या तळहातावर ठेवला. एकसष्ट वर्षांचा माणूस. त्यानं तो डोळ्यांशी नेला, लांब धरला, पुन्हा जवळ आणला. दोन वर्षं त्याला जवळचं धूसर दिसत होतं आणि ते तो सगळ्यांपासून लपवत होता. सगळ्यांना माहीत होतं.

"माझाच हात," तो म्हणाला, आणि सही केली.

२

सिंगनल्लूरला तुळसीमणीचं मोटार वाइंडिंगचं दुकान आहे. पंपाच्या जळालेल्या मोटारींतलं तांबं उपसायचं आणि नवं गुंडाळायचं, हे काम कोइमतुरात हजारो बायका करतात आणि त्यांतल्या एकीलाही कुणी मिस्त्री म्हणत नाही. तुळसीमणीला मात्र म्हणायचे. नवरा वारला तेव्हा शर्यतीच्या गाड्यांच्या कॉइल गुंडाळायचं काम तिला पहिल्यांदा दिलं ते नाचिमुत्तूनं. "बाईच्या हातची ठिणगी?" असं विचारणाऱ्याला त्यानं भर दुकानात सांगितलं होतं, चूल कोण पेटवतं तुझ्या घरी?

ती सोमवारी त्याच्याकडं गेली तेव्हा तो दुकानात जमिनीवर बसला होता. पुढ्यात झाकलेलं ताट. अरिशी-परुप्पूच्या डाळभातावर साय धरली होती.

"जेवला नाहीस."

"कालपासून तोंडात घास फिरतो नुसता."

त्याच्या मागं भिंतभर तारा ताणलेल्या आणि तारांना वापरलेले स्पार्क प्लग टांगलेले. चाळीस वर्षांचे. शर्यतीत प्रत्येक धावेला नवा प्लग, ही त्याची रीत. बसवण्याआधी पोलादी टोच्यानं प्लगच्या अंगावर टिंबं ठोकायची: पहिल्या धावेला एक, दुसरीला दोन. धाव संपली की प्लग काढायचा, टोकाचा रंग वाचायचा, आणि दोन बोटांच्या चिठ्ठीवर चार गोष्टी लिहून तारेला बांधायचा. धाव. जेट. रंग. हात. म्हणजे गाडीला हात कुणाचा होता ते. त्या रकान्यात नेहमी 'ना.', म्हणजे नाचिमुत्तू.

तुळसीमणीनं विचारलं, की तू एकशे नव्वद हातात घेतलास हे तुला आठवतं का. त्याला नव्हतं आठवत. दोनशे दहा घेतलेला आठवत होता. पण डोळ्यांवर विश्वास नाही तर आठवणीवर काय ठेवायचा, असं तो म्हणाला.

"शनिवारी बैठक आहे," तो म्हणाला. "संघटनेचा अहवाल फौजदाराकडं गेला की मला नेतील. नेऊ दे, पोरी. माझी तक्रार नाही."

"माझी आहे," ती म्हणाली. "रविवारचे प्लग कुठायत?"

त्यानं तारेकडं पाहिलं. रविवारचा एकही प्लग तिथं नव्हता.

"सौंदरीकडं असतील. डबा तिच्याकडं असतो."

३

सौंदरी कदिरवनची बायको. लग्नाला चौदा महिने झालेले. तिरुप्पूरच्या बनियनच्या कारखान्यात शिवणयंत्रावर बसायची आणि शर्यतीच्या रविवारी कमरेला पाना खोचून धावपट्टीवर उभी राहायची. धाव संपली की प्लग काढायचं काम तिचं. कदिर म्हणायचा, माझ्या बायकोइतका चटकन प्लग काढणारा अख्ख्या तमिळनाडूत नाही, आणि मग इतर पोरं जे बोलायची ते इथं लिहिण्यासारखं नाही.

घरात बायकांची गर्दी. सौंदरी कोपऱ्यात भिंतीला टेकून. तिच्या उजव्या तळहाताला पट्टी होती. तुळसीमणीनं बाकीच्यांना चहा करायला पिटाळलं.

डब्याचं विचारताच सौंदरीनं तो पदराखालून काढला. तीन प्लग, प्रत्येक कागदात गुंडाळलेला. एक टिंब, दोन टिंबं, तीन टिंबं. तिन्हीचा रंग भाजलेल्या कॉफीच्या दाण्याचा. पेट्रोल बरोबर असलं की असाच रंग येतो. पेट्रोल कमी पडलं असतं तर एका धावेत ते हाडासारखे पांढरे झाले असते.

"तीनच?"

सौंदरीनं पट्टी सोडली. तळहातावर षटकोनी डाग होता. कातडी उडालेली.

ती सांगत गेली, नि सांगताना आवाज चढला नाही की पडला नाही. लोकांनी तिला कदिरजवळ जाऊच दिलं नाही. बघू नको, बघू नको, करत चारजणांनी ओढून लांब नेलं, तर ती पडली ती गाडीशेजारीच. धाव संपली होती आणि पाना कमरेला होता. हाताला दुसरं काही येत नव्हतं. हातमोजा कुठं पडला कुणास ठाऊक. प्लग निघाला तेव्हा चरचरला आणि तिनं मूठ उघडली नाही.

"कुणाला सांगितलंस?"

"कुणी विचारलं नाही अक्का. सगळे मला पाणीच पाजत होते."

उशीच्या अभ्र्यातून तिनं चौथा प्लग काढला. चार टिंबं. तुळसीमणी तो घेऊन दारात उजेडाला गेली.

रंग कॉफीचा.

म्हणजे चौथ्या धावेतही पेट्रोल पुरेपूर मिळत होतं. जेट दोनशे दहाच होता. म्हातारा चुकला नव्हता. तिच्या छातीवरचा धोंडा उतरला, आणि लगेच दुसरा बसला, कारण तिनं भिंग लावलं होतं. प्लगच्या पांढऱ्या चिनीमातीवर बारीक चकचकीत दाणे चिकटले होते, मिठाच्या कणांसारखे. अॅल्युमिनियमचे. पिस्टन वितळून उडालेले.

प्लगचा रंग पेट्रोलचं सांगतो. दाणे ठिणगीचं. पिस्टन वर पोचायच्या फार आधी ठिणगी पडली की स्फोट त्याच्या तोंडावर होतो आणि धातू असा उडतो. पहिल्या तीन प्लगांवर असला एकही दाणा नव्हता.

तिनं आत येऊन विचारलं, की तिसऱ्या आणि चौथ्या धावेमध्ये काय झालं.

"जेवणाची सुट्टी. मी डबा घेऊन हाक मारली तर आलाच नाही. तिरुमूर्ती अण्णाच्या व्हॅनच्या सावलीला गाडीवर बसून होता. नुसता हात हलवला." सौंदरीनं तळहाताकडं पाहिलं. "डबा तसाच परत आणला मी."

४

ठिणगीचा कारभार ज्या डबीतून चालतो तिला सीडीआय म्हणतात, आणि गॅरेजवाले नुसतं बॉक्स म्हणतात. कारखान्याचा बॉक्स मुका असतो. ठिणगी कधी पाडायची ते जन्माला येतानाच ठरलेलं. दीड वर्षापूर्वी कदिरच्या गाडीला नवा बॉक्स बसवला होता. त्याला लॅपटॉप जोडला की इंजिनच्या कुठल्या वेगाला ठिणगी किती अंश आधी पाडायची, ते ठरवता येतं. नाचिमुत्तूचा विरोध होता. ठिणगी खिळ्यानं ठोकलेली बरी, तो म्हणायचा, कुणाच्याही बोटानं हलायला नको. तुळसीमणी त्याच्याशी भांडली होती. काळ बदलला म्हणाली होती. लॅपटॉपची तार लावायचं सॉकेट तिनंच बसवलं, चार आकडी नंबराचं कुलूप घातलं, आणि सॉकेटचं तोंड वाइंडिंगच्या लाल वार्निशनं बुजवलं. बघायचं असलं की खरवडायचं.

संघटनेचे नियम मात्र आजोबांच्या काळचे. सील कार्ब्युरेटरला. बॉक्सला नाही.

लॅपटॉपवर ठिणगी सरकवणारा हात कोइमतुरात दुसरा कुणाचा? मंगळवारी ती तिरुमूर्तीकडं गेली. अकरा वर्षं नाचिमुत्तूच्या हाताखाली काढून त्यानं काचेच्या दाराचं, एसीचं दुकान टाकलं होतं. कदिरच्या गाडीचे मालक चेन्नियप्पन, त्यांच्या पंपांच्या ओतशाळेच्या पैशावर.

तिरुमूर्तीनं डोळे पुसले. अय्यांना मी कितीदा म्हटलं अक्का, चष्मा बदला. ऐकतात का?

"तू होतास रविवारी?"

"सकाळी. बारालाच निघालो मी."

त्याची बायको कॉफी घेऊन आली. डाव्या हाताची पाची नखं लालभडक, उजव्याची कोरी.

"एकाच हाताला सण का गं?" तुळसीमणीनं विचारलं.

बायको हसली. "रविवारी व्हॅनमध्ये बसून कंटाळा आला म्हणून लावत होते अक्का. डावा झाला नि तो आरडाओरडा. नंतर बाटलीच सापडली नाही बघा."

तिरुमूर्तीनं कढत कॉफी एका घोटात संपवली. जीभ भाजली असणार.

तिथून ती शेडवर गेली. वरदराजन तिला ओळखत होता. भिडस्त, घाबरट, नियमांच्या वहीवर जगणारा माणूस. कॉइल माझी आहे, बघून जाते, म्हटल्यावर त्यानं कुलूप काढलं. वर स्वतःच लॅपटॉप आणला. बॉक्समध्ये काही सापडलं तर बघ बाई, म्हणाला, मनात किंतू नको.

सॉकेटचं तोंड लालेलाल बुजलेलं होतं, तिनं बुजवलेलं तसंच. ते खरवडू नकोस, बॉक्समागच्या दुसऱ्या तारेनं नुसतं वाचता येतं, ती म्हणाली. पडद्यावर आकडे उमटले. सगळ्यात वरच्या वेगाला सतरा अंश. नाचिमुत्तूनं ठरवलेले, जसेच्या तसे.

तिनं आकडा पुन्हा वाचला. दाणे खोटं बोलत नाहीत. पण आकडेही बरोबर होते.

"आणि हा प्लग," वरदराजन दयेनं म्हणाला. सिलिंडरमधून त्यानं तिच्यासमोर प्लग काढला. "बघ. पांढराफटक. पेट्रोल कमी पडल्याची खूण. पंचांनी पाहिलाय हा."

तुळसीमणीनं प्लग बोटांत फिरवला आणि परत दिला. गाडी एका सिलिंडरची. एका सिलिंडरला प्लगचं भोक एकच. आणि चौथ्या धावेचा प्लग तिच्या झोळीत होता.

५

बुधवारी ती आपल्या दुकानात कॉइल वार्निशमध्ये बुडवत होती. बाजूला कालची सुकलेली कॉइल. ती मंद, मातकट लाल. बोटाला लागलेलं ओलं वार्निश तिनं थिनरच्या बोळ्यानं पुसलं आणि तो बोळा सहज सुकलेल्या कॉइलवर फिरवला. काही निघालं नाही. एकदा सुकलं की ते थिनरला दाद देत नाही, हे तिला बावीस वर्षं माहीत होतं.

शेडमधलं सॉकेट चकाकत होतं. तेव्हा ते तिला का दिसलं नाही?

पाची नखं लाल आणि पाची कोरी.

ती तशीच ओल्या हातांनी नाचिमुत्तूकडं गेली. त्याला चौथा प्लग दाखवायचा नाही असं तिनं ठरवलं होतं, शनिवारपर्यंत. अर्धवट सुटका वाईट. तिनं एवढंच विचारलं: बॉक्सच्या कुलपाचा नंबर कुणाकुणाला माहीत होता?

म्हातारा तारेवरच्या प्लगांकडं वळला.

"तू आणि मी," तो म्हणाला.

त्यानं तिच्याकडं पाहिलं नाही. बावीस वर्षांत तो तिच्याशी पहिल्यांदा खोटं बोलला, का खरं बोलला, हे तिला कळेना. खरं असेल तर आकडे बदलणारी माणसं दोनच होती, आणि त्यांतली एक ती.

६

शनिवारी बैठक चेन्नियप्पनच्या ओतशाळेच्या दिवाणखान्यात. संघटनेचे अध्यक्षही तेच. गाडीचे मालकही तेच, म्हणून सगळे त्यांना मुदलाळी म्हणत. इस्त्रीची पांढरी वेष्टी, कपाळाला विभूती, आवाज कधी चढत नाही. चढवायची गरज पडत नसावी. सात पंच, वरदराजन, तिरुमूर्ती. सौंदरीला समोर मानाच्या खुर्चीवर बसवलेलं. नाचिमुत्तू आला नव्हता.

अहवाल वाचायला सुरुवात झाली तशी तुळसीमणी उठली.

"बस अम्मा," चेन्नियप्पन म्हणाले. "तुला बोलायला देऊ."

"मुदलाळी, तुम्ही देणार नाही. म्हणून मी आत्ताच बोलते."

तिनं वरदराजनकडून पांढरा प्लग मागून घेतला आणि पंचांपुढं ठेवला. शेजारी सौंदरीचे चार ठेवले. चाळीस वर्षं नाचिमुत्तूचा प्लग टिंबांशिवाय इंजिनात गेलेला कुणी पाहिलाय का, तिनं विचारलं. कुणी पाहिला नव्हता. ही एक, दोन, तीन, चार टिंबं. आणि या पांढऱ्याला?

पंचांपैकी एका म्हाताऱ्यानं तो उलटापालटा करून पाहिला. टिंब नव्हतं.

"चौथ्या धावेचा प्लग सौंदरीनं तिथंच काढला. तिचा तळहात बघा. म्हणजे गाडी शेडमध्ये गेली तेव्हा तिला प्लगच नव्हता. शेडमध्ये कुणाला तरी रिकामं भोक दिसलं, नि त्यानं आपल्या गोष्टीला शोभेल असा पांढरा आणून बसवला. ज्यानं प्लग बसवला त्यानंच जेट बदलला, कारण खरा प्लग सांगतोय की शेवटपर्यंत पेट्रोल पुरेपूर होतं. जेट बदलायचा तर सील तोडावं लागतं. मग पंच येण्याआधी तसंच नवं ठोकावं लागतं. सील ठोकायची पक्कड या गावात एकाकडं आहे."

सगळे वरदराजनकडं बघू लागले. त्यानं नियमांची वही छातीशी धरली होती.

"त्याला कशाला तुडवायचं," ती म्हणाली. "तो सांगितलेलं करतो. जेट बदलला तो दुसरं काही झाकायला. पिस्टन पेट्रोलानं नाही, ठिणगीनं मारलाय. हे दाणे बघा. तिसऱ्या धावेत नाहीत, चौथीत आहेत. म्हणजे जेवणाच्या सुट्टीत कुणीतरी ठिणगी पुढं घेतली, आणि अपघातानंतर शेडमध्ये आकडे पुन्हा जागेवर आणून ठेवले."

तिरुमूर्ती म्हणाला, की बॉक्सचं तोंड बंद आहे, वरदराजन अण्णांनीही पाहिलंय. लाल सील अक्काच्याच हातचं आहे.

"आण बॉक्स."

बॉक्स आला. तिनं पिशवीतून थिनरची बाटली काढली, कापूस काढला. सॉकेटवर आतापर्यंत तिनं हे करून पाहिलेलं नव्हतं. चुकली असती तर म्हाताऱ्याबरोबर तीही बुडाली असती. कापूस भिजवून तिनं सॉकेटच्या लाल तोंडावर दाबला आणि दहा श्वास मोजले.

कापूस उचलला तो गुलाबी झाला होता. दुसऱ्यांदा पुसल्यावर सॉकेटची पितळी टोकं उघडी पडली.

"माझं वार्निश थिनरला दाद देत नाही. हे नेलपॉलिश आहे. तिरुमूर्ती, तू बाराला निघालास म्हणालास. तुझी बायको म्हणाली, आरडाओरडा झाला तेव्हा ती तिथं व्हॅनमध्ये नखं रंगवत होती. सौंदरीनं जेवायच्या वेळी व्हॅन पाहिली. आता बाटली कुठं गेली ते तिला सांगून टाक. बिचारी शोधतेय."

तिरुमूर्ती उभा होता तो बसला. मग जे बोलला ते जमिनीशी बोलला. तिसऱ्या धावेत बेंगळुरूची गाडी वीतभर पुढं गेली होती. मुदलाळींचे पंपाचे विक्रेते चार राज्यांतून आले होते. मुदलाळी म्हणाले, म्हाताऱ्याचा धीर गेलाय, थोडं आणखी काढ. सतरावरून तेवीस अंश केले. सहा अंशांनी ताकद वाढते, एका धावेला पिस्टन तग धरतो.

"धरतो?" तुळसीमणीनं विचारलं.

"धरायला हवा होता."

चेन्नियप्पननी घसा साफ केला. त्यांच्या चेहऱ्यावर एक सुरकुती हलली नव्हती. "नियमात बॉक्सला सील नाही. म्हणजे त्यात बदल करायला मनाई नाही. चूक झाली, गुन्हा नाही. बरोबर ना वरदराजन?"

वरदराजननं मान डोलावली. नियमांची वही त्यानं उघडली नाही. त्याला पाठ होती.

"आणि जेट बदलायची परवानगी कुठल्या नियमात आहे?" तुळसीमणी म्हणाली. "हे प्लग आणि हा कापूस घेऊन मी इथून थेट फौजदाराकडं जाते."

आणि तेव्हा सौंदरी बोलली. बैठकीत पहिल्यांदा.

"अक्का, बॉक्सला कुलूप होतं ना? नंबर कुणी दिला?"

तुळसीमणीला उत्तर बुधवारी रात्रीच सुचलं होतं. बॉक्स असतो सीटखाली. सुट्टीभर सीटवर एकच माणूस बसून होता, आणि बायकोनं हाक मारल्यावर त्यानं नुसता हात हलवला होता. हे वाक्य ती मुद्दाम घरी ठेवून आली होती. ती गप्प राहिली.

तिरुमूर्ती राहिला नाही. त्याला तेवढाच आधार उरला होता.

"त्यानंच टाकला. कदिरनंच. मी नको म्हटलं होतं. तर म्हणाला, अण्णा, म्हाताऱ्याला कळायच्या आत पुन्हा सतरा करून ठेवू."

 ओतशाळेचा भोंगा झाला, पाळी सुटली.

सौंदरीनं पुढं होऊन चौथा प्लग उचलला. "पोलिसात गेलं तर हे पण लिहितील?"

"लिहितील."

"मग नको. माझ्या पोटात आहे ते उद्या वाचायला शिकेल. बापानं स्वतःच्या हातानं, असं नको."

चेन्नियप्पनना एवढंच हवं होतं. त्यांनी कारकुनाला बोलावून अहवाल नव्यानं सांगितला, अगदी हळू, शब्द तोलून. अपघात यांत्रिक बिघाडामुळं. कुणाचाही दोष नाही. नाचिमुत्तू अय्याही पूर्ण निर्दोष. शेवटचं वाक्य त्यांनी तुळसीमणीकडं बघत उच्चारलं, उरलेला प्रसाद हातावर ठेवावा तसं. सातही पंचांनी सह्या केल्या. संघटना पुढच्या शर्यतीला कदिरवनच्या नावाचा चषक ठेवणार, असाही ठराव झाला.

७

नाचिमुत्तूनं भिंग लावून चौथा प्लग पाहिला. दारात सौंदरी उभी होती, आत आली नाही.

"रंग बरोबर होता," तो म्हणाला.

"बरोबर होता. तुझे डोळे चुकले नाहीत."

तिनं सगळं सांगितलं. तो ऐकत राहिला. तिरुमूर्तीचं नाव आलं तेव्हा त्यानं मान हलवली, जशी वाढलेल्या पोराचं काही वाईट कानावर आलं की बाप हलवतो. कदिरचं नाव आलं तेव्हा हलवली नाही.

"नंबर मीच दिला होता त्याला," तो म्हणाला. "लग्नात. दुसरं काय होतं द्यायला? डोळे जायला लागले तेव्हाच ठरवलं, दुकान त्याचं. तुला बुधवारी सांगितलं असतं तर तू त्याच्यावर गेली असतीस. मेलेल्या पोरावर. म्हणून म्हटलं, आपल्याच हातानं झालंय म्हणावं, मिटेल."

मग त्यानं रीतीप्रमाणं चिठ्ठी घेतली. दोन बोटांचा कागद. धाव: चौथी. जेट: दोनशे दहा. रंग: बरोबर. अक्षर डगमगत होतं पण वाचता येत होतं.

हात.

तिथं पेन थांबलं. तुळसीमणीनं ते त्याच्या बोटांतून ओढून घेतलं आणि दाबून लिहिलं: चेन्नियप्पन. तिरुमूर्ती. वरदराजन. कागद फाटेल इतकं दाबून. संघटनेच्या अहवालात नसलेली तिन्ही नावं इथं तरी राहू देत.

म्हाताऱ्यानं पेन परत मागितलं. खाली लिहिलं, कदिर. दारातल्या सौंदरीकडं त्यानं पाहिलं. तिनं नको म्हटलं नाही. त्याखाली नेहमीसारखं 'ना.' लिहिलं. कागदावर जागा संपली.

तो चिठ्ठी तारेला बांधायला उठला, तेव्हा तुळसीमणीनं हात पुढं केला. ज्या बॉक्सला कुणाचंही बोट लागू नये म्हणून हा माणूस भांडला होता, त्याला सॉकेट तिनं बसवलं होतं.

तिनं चिठ्ठी उलटी केली आणि मागच्या बाजूला स्वतःचं नाव लिहिलं.